अल्पखर्ची झोंबीपट

हा लेख चित्रपटांच्या एका प्रकाराविषयी आहे. आनंद यादव यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी पाहा: झोंबी (कादंबरी).

अल्पखर्ची झोंबीपट हा भयपटाचा एक उपप्रकार आहे. मेल्यानंतर पुन्हा उठलेली, विचारशक्ती व वाणी गमावलेली आणि जिवंतांवर चालून येणारी माणसे म्हणजे झोंबी. त्यांची कथा तुटपुंज्या भांडवलात, बहुधा मोठ्या चित्रपटसंस्थांच्या मदतीशिवाय सांगणाऱ्या चित्रपटांना ही संज्ञा लावली जाते. त्यांपैकी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) यासारखे काही चित्रपट भयपटाचे मानदंड ठरले. उरलेल्यांपैकी अनेक मात्र कथा, अभिनय, रंगभूषा, संकलन अशा जवळजवळ सर्वच अंगांनी सदोष आहेत. तरीही त्यांतील काहींना निष्ठावंत प्रेक्षकवर्ग लाभला असून ते प्रदर्शनानंतर कित्येक दशकांनी आवडीने पाहिले जातात.

सदोष कलाकृती आनंद कशी देऊ शकते, हा या चित्रपटांनी उपस्थित केलेला मुख्य प्रश्न आहे. हा आनंद केवळ दोषांमुळे मिळत नाही, तर दोषांमागे दिसणाऱ्या प्रामाणिक धडपडीमुळे मिळतो, असे उत्तर या विषयाच्या बहुतेक विवेचनांतून पुढे येते. हेतुपुरस्सर वाईट बनवलेले चित्रपट तेवढे टिकत नाहीत, याचा उलगडाही त्यातून होतो.

संज्ञा व संकल्पना

'झोंबी' हा शब्द मराठीत दोन स्वतंत्र अर्थांनी येतो. झोंबणे या क्रियापदापासून झालेला मूळ मराठी शब्द झटापट किंवा कुस्तीतील पकड दर्शवतो. चित्रपटातील 'झोंबी' हा शब्द कॅरिबियन समुद्रातील हैती या देशातून इंग्रजीमार्गे आला असून त्याचे मूळ मध्य आफ्रिकेतील भाषांमध्ये शोधले जाते. उच्चारसाम्याखेरीज या दोन शब्दांत काहीही संबंध नाही.

हैतीच्या लोकसमजुतीतील झोंबी माणसे खात नाही. मांत्रिकाने मृतदेह उठवून त्याला शेतात गुलामासारखे राबवणे, ही तेथील मूळ कल्पना आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात हैतीतील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून अमानुष कष्ट करून घेतले जात. मरणानंतरही या कष्टांतून सुटका होणार नाही, ही त्या समाजाची भीती झोंबीच्या कल्पनेत साठलेली आहे. चित्रपटांनी झोंबीचे बाह्य रूप उचलले. त्यामागील हा इतिहास मात्र बहुतेक वेळा मागेच राहिला.

भारतीय परंपरेतील वेताळाशी झोंबीची तुलना होऊ शकते, परंतु दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. 'वेताळपंचविशी'तील वेताळ प्रेतात शिरतो, राजाला कथा सांगतो आणि कूटप्रश्न विचारतो. तो बुद्धिमान व बोलका आहे. झोंबीला बुद्धी नाही, भाषा नाही आणि व्यक्तिमत्त्वही नाही. निर्मात्याच्या दृष्टीने हा अभावच सोयीचा ठरला, कारण ज्या पात्राला संवाद नाहीत त्यासाठी कसलेल्या नटाची गरज पडत नाही.

अल्पखर्चाशी असलेला संबंध

भयपटातील इतर प्राण्यांच्या तुलनेत झोंबी स्वस्त असतो. अजस्र श्वापद दाखवायचे तर यांत्रिक प्रतिकृती लागते, परग्रहवासी दाखवायचे तर यान लागते, रक्तपिपासू सरदारासाठी निदान जुना वाडा तरी उभारावा लागतो. झोंबीसाठी फाटके कपडे, चेहऱ्याला राखाडी किंवा हिरवा रंग आणि संथ, अडखळत चालण्याची तयारी एवढे पुरते. मित्र, शेजारी व नातेवाईक यांच्यातूनच झोंबींची झुंड उभी करता येते. कथानकाची चौकटही साधी असते. काही माणसे एका बंदिस्त जागी अडकतात, बाहेर प्रेतांचा वेढा पडतो आणि आतल्या माणसांत मतभेद सुरू होतात. एक रिकामे घर मिळाले तरी अशा कथेचे चित्रीकरण होऊ शकते.

या सुलभतेमुळे पैसा व अनुभव नसलेल्या अनेकांनी चित्रपटक्षेत्रात प्रवेश करण्यासाठी झोंबीपटाचा मार्ग निवडला. त्यातून काही असामान्य दिग्दर्शक घडले आणि त्याहून कितीतरी अधिक फसलेले चित्रपट निर्माण झाले. ज्या दाराने गुणवान नवखे आत आले त्याच दाराने बाकीचेही आले. त्यामुळे या प्रकारातील उत्तम आणि सुमार चित्रपटांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही.

इतिहास

आरंभकाळ (१९३२–१९४५)

व्हिक्टर हॅल्पेरिन दिग्दर्शित 'व्हाईट झोंबी' (१९३२) हा पूर्ण लांबीचा पहिला झोंबीपट मानला जातो. अमेरिकी सैन्याने १९१५ पासून हैती ताब्यात ठेवले होते आणि तेथील प्रथांविषयी अमेरिकी वाचकांत कुतूहल होते. विल्यम सीब्रुक यांच्या 'द मॅजिक आयलंड' (१९२९) या प्रवासवर्णनाने त्यात भर घातली. 'ड्रॅक्युला'मुळे प्रसिद्ध झालेले बेला लुगोसी यांनी 'व्हाईट झोंबी'त मांत्रिकाची भूमिका केली. अल्पावधीत चित्रित झालेल्या या चित्रपटासाठी युनिव्हर्सल या संस्थेच्या आवारातील इतर चित्रपटांचे तयार देखावे वापरण्यात आले.

त्यानंतर हॉलिवूडमधील लहान संस्थांनी असे चित्रपट काढण्यास सुरुवात केली. मोनोग्राम या संस्थेचा 'किंग ऑफ द झोंबीज' (१९४१) हा त्यांपैकी एक होय. या नगण्य खर्चाच्या चित्रपटाला पार्श्वसंगीतासाठी ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. मँटन मोरलँड हे कृष्णवर्णीय विनोदी नट त्यात होते. भित्र्या नोकराच्या ठरावीक साच्यात कोंबले जाऊनही त्यांनी आपल्या अचूक विनोदसमयामुळे चित्रपटातील इतर सर्वांना मागे टाकले.

'प्लॅन नाईन' आणि समकालीन

एड वुड यांचा 'प्लॅन नाईन फ्रॉम आउटर स्पेस' हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध फसलेला चित्रपट आहे. परग्रहवासी पृथ्वीवरील मृतांना उठवतात, असे त्याचे कथासूत्र आहे. चित्रीकरण मुख्यतः १९५६ मध्ये झाले, १९५७ मध्ये पूर्वदर्शन झाले आणि सर्वत्र प्रदर्शन १९५९ मध्ये झाले. निर्मितीसाठी बाप्टिस्ट चर्चशी संबंधित व्यक्तींनी पैसा पुरवला. त्यांच्या आग्रहामुळे चमूतील काहींनी बाप्तिस्मा घेतला आणि चित्रपटाचे 'ग्रेव्ह रॉबर्स' म्हणजे कबरी लुटणारे हे मूळ नावही बदलावे लागले.

बेला लुगोसी यांचे ऑगस्ट १९५६ मध्ये निधन झाले. त्यांची थोडी मूक दृश्ये वुड यांच्याकडे होती. उरलेली भूमिका वुड यांच्या पत्नीवर मणक्याचे उपचार करणाऱ्या एका गृहस्थाकडून करवून घेण्यात आली. हे गृहस्थ लुगोसींपेक्षा उंच होते आणि त्यांचा चेहराही वेगळा होता, म्हणून ते चित्रपटभर झग्याची कड नाकापर्यंत धरून वावरतात. दफनभूमीतील थडगी धक्का लागताच हलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात आणि विमानाचा चालककक्ष एखाद्या साध्या खोलीसारखा दिसतो. मात्र पात्रे हे सारे अत्यंत गंभीरपणे करतात. मानवजात स्वतःच्या शस्त्रांनी सर्वनाश ओढवून घेईल, हा चित्रपटाचा इशाराही मनापासून दिलेला आहे.

रे डेनिस स्टेकलर यांचा १९६४ मधील चित्रपट त्याच्या लांबलचक नावामुळे ओळखला जातो: 'दि इन्क्रेडिब्ली स्ट्रेंज क्रीचर्स हू स्टॉप्ड लिव्हिंग अँड बिकेम मिक्स्ड-अप झोंबीज'. सुमारे ३८,००० डॉलर खर्चाच्या या चित्रपटात जत्रा, भविष्य सांगणारी स्त्री आणि नृत्यगीते यांनी बराच वेळ व्यापला असून नावातील झोंबी शेवटाकडे काही मिनिटेच येतात. प्रमुख भूमिका स्टेकलर यांनी टोपणनावाने स्वतः केली. प्रदर्शनाच्या वेळी मुखवटे घातलेली माणसे प्रेक्षागृहात धावत येत, अशी योजनाही त्यांनी केली होती. या चित्रपटाच्या छायाचित्रण चमूत काम केलेले व्हिल्मोस झिगमंड यांना पुढे 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर पुरस्कार मिळाला.

जॉर्ज रोमेरो आणि १९६८ चे वळण

आज परिचित असलेला मांसभक्षक झोंबी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने घडवला. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट बनवणारे जॉर्ज रोमेरो व त्यांचे सहकारी यांनी प्रत्येकी ६०० डॉलर जमवून इमेज टेन ही संस्था स्थापन केली. चित्रपटाचा एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलर झाला. चित्रीकरणासाठी पाडण्यास काढलेले एक शेतघर वापरण्यात आले. कृष्णधवल फितीवर चॉकलेटचे पाक रक्तासारखे दिसे, तर झोंबींच्या तोंडचे मांस खाटकाकडून आणलेले असे. चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला नायकाची भूमिका दिल्यामुळे त्या काळातील अमेरिकेत या कथेला वेगळीच धार आली. रात्रभर झोंबींशी झुंजून वाचलेला हा नायक सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो.

या चित्रपटाच्या प्रसाराला एक चूक कारणीभूत ठरली. मूळ नाव बदलताना वितरकाने नवी नामपट्टी लावली, परंतु तीवर प्रताधिकाराची सूचना घालायची राहून गेली. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार अशा सूचनेअभावी चित्रपट प्रताधिकारमुक्त झाला. त्यामुळे कोणीही त्याच्या प्रती काढू शकत होता आणि दूरचित्रवाणी केंद्रे तो फुकट दाखवू शकत होती. निर्मात्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले. मात्र या प्रकाराचे नियम सर्वतोमुखी झाले. झोंबी हे पात्र कोणाच्याही मालकीचे राहिले नाही आणि अनुकरणाचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हा चित्रपट १९९९ मध्ये समाविष्ट करण्यात आला.

इटालियन लाट

रोमेरो यांचा 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) इटलीत 'झोंबी' या नावाने झळकला आणि त्याच्या यशाचा लाभ घेण्यासाठी तेथे अनुकरणांची लाट आली. लुचो फुल्ची यांचा 'झोंबी २' (१९७९) कथेच्या दृष्टीने रोमेरो यांच्या चित्रपटाशी असंबद्ध असूनही त्याचा पुढचा भाग असल्याचा आभास निर्माण करून विकला गेला. समुद्रतळावर झोंबी आणि खरा शार्क मासा यांची झुंज दाखवणारे त्यातील दृश्य अतिशय गाजले. कल्पना म्हणून ते हास्यास्पद आहे. पण पाण्याखाली खऱ्या शार्कशी झटणारा माणूसही खराच आहे, हे जाणवताच हसू आणि धास्ती एकत्र येतात.

ब्रुनो मातेई यांनी 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड' (१९८०) या चित्रपटात न्यू गिनीतील जीवनाची अन्यत्र चित्रित केलेली दृश्ये आणि इतर चित्रपटांसाठी रचलेले संगीत सरळ वापरले. परिणामी पात्रे एका जंगलात असतात आणि त्यांना दिसणारे प्राणी दुसऱ्याच खंडातील असतात. 'बरियल ग्राउंड' (१९८१) मध्ये लहान मुलाची भूमिका प्रौढ नटाला दिल्यामुळे विचित्र परिणाम झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये जाँ रोलाँ यांनी टोपणनावाने 'झोंबी लेक' (१९८१) दिग्दर्शित केला. त्यातील जर्मन सैनिकांच्या प्रेतांना लावलेला हिरवा रंग कान व मानेपर्यंत पोहोचत नाही आणि पाण्यात उतरताच निघू लागतो. तळ्याच्या पाण्याखालील दृश्ये पोहण्याच्या तलावात घेतल्याचेही स्पष्ट दिसते.

चित्रफिती, संगणक आणि नवे निर्माते

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटमुळे हे चित्रपट घरोघरी पोहोचले. चित्रपटगृहातून आठवड्यात उतरलेला चित्रपट भाड्याच्या कॅसेटच्या दुकानात वर्षानुवर्षे टिकू लागला. ब्रिटनमध्ये यांपैकी काही चित्रपट आक्षेपार्ह ठरवले गेले आणि १९८४ मध्ये कॅसेटवरील चित्रपटांसाठी परीक्षणाचा कायदा झाला. बंदीमुळे त्यांचे आकर्षण वाढलेच.

न्यूझीलंडचे पीटर जॅक्सन यांनी 'बॅड टेस्ट' (१९८७) हा परग्रहवासीयांवरील पहिला चित्रपट काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मित्रांसह चित्रित केला; त्यासाठीचे मुखवटे त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातील भट्टीत भाजले. त्यानंतर 'ब्रेनडेड' (१९९२) हा झोंबीपट त्यांनी केला. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स' मालिकेसाठी ते जगप्रसिद्ध झाले. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे खर्च आणखी उतरला. ब्रिटनमधील मार्क प्राइस यांचा 'कॉलिन' (२००८) हा चित्रपट केवळ ४५ पौंडांत बनल्याचे जाहीर झाले. त्यातील कथा झोंबीच्याच नजरेतून उलगडते.

आस्वादाची मीमांसा

रसविचाराच्या दृष्टीने

झोंबीपटात भयानक आणि बीभत्स हे दोन रस अभिप्रेत असतात. त्यांचे स्थायीभाव अनुक्रमे भय आणि जुगुप्सा हे होत. फसलेल्या झोंबीपटात मात्र प्रेक्षकाला प्रत्यक्षात हास्यरस मिळतो. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त विकृत वेश, असंबद्ध बोलणे इत्यादी हास्याचे विभाव सांगितले आहेत. अर्धवट रंगवलेला झोंबी आणि त्याच्यासमोर विसंगत संवाद म्हणणारा नायक या वर्णनात चपखल बसतात.

अभिनवगुप्ताने याच्या पुढे जाऊन असे प्रतिपादन केले आहे, की अन्य रसांचा आभास झाला तर त्यातूनही हास्य उत्पन्न होऊ शकते. भय निर्माण करण्याचा प्रयत्न झाला, परंतु कारणसामग्री अपुरी पडल्याने केवळ भयाचा आभास उरला, ही अवस्था फसलेल्या भयपटाला नेमकी लागू पडते. येथे एक अट महत्त्वाची आहे. आभास होण्यासाठी मूळ रसाचा प्रयत्न खरा असावा लागतो. जेथे आरंभापासून हसवण्याचाच हेतू आहे तेथे तो रसाभास नसून सरळ प्रहसन होते.

पाश्चात्त्य समीक्षा

अमेरिकी लेखिका सुझन सोनटॅग यांनी 'कॅम्प' या अभिरुचीवर १९६४ मध्ये लिहिलेल्या निबंधात निरागस व जाणूनबुजून केलेले असे दोन भेद मांडले आणि निरागस प्रकाराला अधिक समाधानकारक ठरवले. तिच्या मते त्यात गांभीर्य असते, परंतु ते यशस्वी होत नाही. चित्रपट-अभ्यासक जेफ्री स्कॉन्स यांनी १९९५ मध्ये अशा उपेक्षित चित्रपटांच्या आस्वादासाठी 'पॅरासिनेमा' ही संज्ञा वापरली. चित्रपट बिघडतो तेव्हा प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडून निर्मितीच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे जाते, हा त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा आहे.

हा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट होतो. निर्दोष चित्रपटात रंगभूषाकार, प्रकाशयोजनाकार किंवा किरकोळ नट यांचे अस्तित्व जाणवत नाही. जाणवू नये हेच त्यांचे कौशल्य असते. सदोष चित्रपटात ही सर्व माणसे पडद्यावर येतात. झग्याआड तोंड लपवणारा गृहस्थ पाहताना मेलेल्या मित्राची भूमिका कशी पूर्ण करावी, या दिग्दर्शकाच्या विवंचनेशी प्रेक्षकाची गाठ पडते. गावातील हौशी नाटकात पडदा अडकला किंवा राजाची मिशी निघाली तर प्रेक्षक हसतात, पण नाटक पुढे जावे अशीच त्यांची इच्छा असते. हा अनुभव त्याच जातीचा आहे.

सहेतुक वाईटपणा

लोकप्रियता लक्षात आल्यावर जाणूनबुजून वाईट दिसणारे चित्रपट निघू लागले. 'झोंबीव्हर्स' (२०१४) मध्ये झोंबी झालेले बीव्हर हे प्राणी कळसूत्री बाहुल्यांसारखे दाखवले आहेत. अशा चित्रपटांचा विनोद पहिल्या काही मिनिटांत कळतो आणि पुढे त्याचीच पुनरावृत्ती होते. निर्मात्याने स्वतःच डोळा मारल्यामुळे प्रेक्षकाला शोधण्यासारखे काही उरत नाही. एडगर राइट यांचा 'शॉन ऑफ द डेड' (२००४) यासारखे उत्तम विनोदी झोंबीपट मात्र या वर्गात येत नाहीत, कारण ते कुशलतेने रचलेले असून त्यांतील विनोद दोषांवर अवलंबून नाही.

'वन कट ऑफ द डेड'

शिनइचिरो उएदा यांचा जपानी चित्रपट 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) या संपूर्ण विषयावरील भाष्य म्हणता येईल. सुमारे ३० लाख येन खर्चात, अपरिचित नटांना घेऊन तो आठ दिवसांत चित्रित झाला. त्याची पहिली ३७ मिनिटे म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेला एक सलग झोंबीपट आहे आणि तो उघडउघड सुमार दिसतो. पात्रे मध्येच विनाकारण थबकतात, संवाद निरर्थक लांबतात, कॅमेरा जमिनीवर पडून तसाच राहतो.

त्यानंतर कथा मागे जाते आणि हेच चित्रीकरण कॅमेऱ्याच्या पलीकडून दिसते. प्रत्येक दोषामागे एक संकट होते आणि ते संकट कोणीतरी त्या क्षणी जिवाच्या आकांताने निभावून नेले होते, हे प्रेक्षकाला कळते. आधी ज्या जागी हसू आले त्याच जागी दुसऱ्यांदा हसताना त्या माणसांविषयी आपुलकी वाटू लागते. आरंभी टोकियोतील लहान चित्रपटगृहात मोजके दिवस दाखवला गेलेला हा चित्रपट नंतर जपानभर पसरला आणि त्याने ३ अब्ज येनहून अधिक उत्पन्न मिळवले. मिशेल हझानाविशियस यांनी केलेल्या त्याच्या फ्रेंच रूपांतराने २०२२ च्या कान चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन झाले.

प्रेक्षकसंस्कृती

हे चित्रपट बहुधा समूहाने पाहिले जातात. मध्यरात्रीच्या खेळांना येणारे प्रेक्षक पात्रांना मोठ्याने सल्ले देतात आणि ठरलेल्या चुकांचे टाळ्यांनी स्वागत करतात. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या दूरचित्रवाणी मालिकेने या सवयीला कार्यक्रमाचे रूप दिले. त्यात एक माणूस व दोन यंत्रमानव वाईट चित्रपट पाहत शेरेबाजी करतात. स्टेकलर यांचा वर उल्लेखलेला चित्रपटही या मालिकेत दाखवला गेला.

हॅरी व मायकेल मेडवेड या बंधूंच्या 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स' (१९८०) या पुस्तकात वाचकांच्या मतांवरून 'प्लॅन नाईन' हा आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्यात आला आणि एड वुड यांना सर्वांत वाईट दिग्दर्शक म्हणण्यात आले. या अपकीर्तीनेच चित्रपटाला नवे प्रेक्षक मिळवून दिले. टिम बर्टन यांनी १९९४ मध्ये 'एड वुड' हा सहानुभूतिपूर्ण चरित्रपट काढला. त्यात लुगोसींची भूमिका करणारे मार्टिन लँडाउ यांना सहायक अभिनेत्याचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

आक्षेप

या आस्वादावर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप नैतिक आहे. दुसऱ्याच्या अपयशाला हसणे म्हणजे त्याची मानहानी होय, असे काहींचे मत आहे. एड वुड यांचे निधन १० डिसेंबर १९७८ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी झाले. दारिद्र्य व व्यसनाने ते खचले होते आणि मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांना राहत्या घरातून बाहेर काढण्यात आले होते. 'सर्वांत वाईट दिग्दर्शक' हा किताब आणि त्यानंतरचे प्रेम, दोन्ही त्यांच्या पश्चात आले. 'हेल ऑफ द लिव्हिंग डेड'चे सहलेखक क्लाउदिओ फ्रागास्सो यांनी नंतर 'ट्रोल २' (१९९०) दिग्दर्शित केला. तो झोंबीपट नसला तरी याच पठडीतील आहे. त्यावरील 'बेस्ट वर्स्ट मूव्ही' (२००९) या माहितीपटात, आपण गंभीरपणे केलेल्या प्रसंगांनाही प्रेक्षक हसतात हे पाहून दुखावलेले फ्रागास्सो दिसतात. त्याच माहितीपटात त्या चित्रपटातील काही नट हे हसू आनंदाने स्वीकारतात. हसणारा आणि ज्याला हसले जाते तो, यांचे नाते सर्वत्र सारखे नसते, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप आशयाविषयी आहे. जुन्या झोंबीपटांत हैतीचा समाज रानटी रंगवला गेला, कृष्णवर्णीय पात्रे विनोदापुरती आणली गेली आणि न्यू गिनीतील लोकांची दृश्ये भीतीचे साहित्य म्हणून वापरण्यात आली. अनेक चित्रपटांत स्त्रियांचे चित्रणही आक्षेपार्ह आहे. केवळ गंमत म्हणून पाहिल्यास या बाबींकडे दुर्लक्ष होते, असे टीकाकार म्हणतात. अकुशलता क्षम्य असली तरी अवमान क्षम्य नाही, हा भेद आस्वादकांनी करणे अपेक्षित आहे.

तिसरा आक्षेप अभिरुचीविषयी आहे. वाईटाचे कौतुक केल्याने चांगल्या-वाईटाची पारख बोथट होते, असे म्हटले जाते. त्यावर दिले जाणारे उत्तर असे, की चूक ओळखून हसण्यासाठी मुळात योग्य काय हे ठाऊक असावे लागते. किंबहुना चित्रपट कसा जुळवला जातो हे निर्दोष कृतीपेक्षा अशा चित्रपटांतून अधिक सहज ध्यानात येते.

भारत व महाराष्ट्र

भारतीय अल्पखर्ची भयपटाची परंपरा रामसे बंधूंच्या नावाशी निगडित आहे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या या कुटुंबातील सात भावांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी व संकलन ही कामे आपसांत वाटून घेतली होती. तुलसी व श्याम रामसे दिग्दर्शित 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या हिंदी चित्रपटात पुरलेला माणूस सूड घेण्यासाठी परततो. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. त्यातील मृत व्यक्ती रूढ अर्थाने झोंबी नसली तरी निर्मितीची पद्धत, प्रेक्षकांचे प्रेम आणि नंतरच्या पिढीचे हसू या तिन्ही बाबतींत हे चित्रपट येथे वर्णिलेल्या परंपरेचे सगोत्र आहेत.

झोंबी हे पात्र हिंदीत ठळकपणे २०१३ मध्ये आले. त्या वर्षी ल्यूक केनी व देवकी सिंग यांचा 'राइज ऑफ द झोंबी' आणि राज व डीके यांचा 'गो गोवा गॉन' हे चित्रपट प्रदर्शित झाले. दुसऱ्यात गोव्याजवळील एका बेटावर ही कथा घडते. मराठीत आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाची कथा डोंबिवलीत घडते आणि उंच इमारतींतील रहिवासी व शेजारची झोपडपट्टी यांच्यातील दरीला स्पर्श करते. 'गो गोवा गॉन' आणि 'झोंबिवली' हे दोन्ही चित्रपट सहेतुक विनोदी व तांत्रिक दृष्ट्या सफाईदार असल्याने ते या लेखातील अर्थाने 'फसलेले' नाहीत.

हेही पाहा

भयपट
वेताळपंचविशी
रससिद्धांत
जॉर्ज रोमेरो
एड वुड
रामसे बंधू
झोंबिवली (चित्रपट)